सातव्या गाण्यातली थाप

९ फेब्रुवारी, रविवार

अकरा टेक! एका गाण्याचे अकरा टेक आणि अकराच्या अकरा भिकार.

बाकीची नऊ गाणी मागच्या तीन रविवारांत कशीबशी उरकली. हे एकच उरलं होतं — सातवं, ‘दाराबाहेर’. रेकॉर्डिंग सुरू झालं म्हटलं की माझ्या हातांचं लाकूड होतं. कानात मेट्रोनोमची टकटक आणि मी तिच्यामागे, साहेबामागे फाइल घेऊन पळणाऱ्या कारकुनासारखा. चूक एकही नाही. जीवही नाही. पाचव्या टेकला मेहुण्याचा आवाज बसायला लागला. आठव्याला मौनीने घड्याळ पाहिलं. मौनी आमचा बेसवाला, बारा वर्षांत माझ्याशी दोनशे शब्द बोलला असेल. त्याने घड्याळ पाहणं म्हणजे दुसऱ्या कुणी शिव्या घालण्यासारखंच.

अकराव्यानंतर रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला, "बास करा, काटेसाहेब. मला हवं ते मिळालंय."

कसलं मिळालंय! माणूस वैतागला की असंच म्हणतो.

काटेसाहेब म्हणे. आयुष्यभर दुकानांचे वजनकाटे तपासले, दुरुस्त केले, त्याचं हे फळ — नावच पडलं. मेहुणा तेवढा भाऊजी म्हणतो, तेही बहिणीच्या धाकाने.

१० फेब्रुवारी, सोमवार

मनगट सुजलंय. चिमट्याने वजन उचलताना ते निसटलं आणि पेटीच्या कडेला लागलं. प्रमाणाचं वजन! ज्याच्यावरून बाकी सगळी वजनं खरी-खोटी ठरवायची, त्यालाच टवका पाडला असता. साहेबांनी पाहिलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झोप येत नाही. डोळे मिटले की अकरावा टेक सुरू.

२३ फेब्रुवारी, रविवार

तळघरातल्या स्टुडिओत विसरलेलं जाकीट आणायला गेलो. जिना उतरताना मेहुणा आणि रेकॉर्डिस्ट हसत असल्याचं ऐकू आलं, मोठमोठ्याने. दार उघडलं आणि दोघं एकदम गप्प. पडद्यावर सातवं गाणंच होतं. नाव दिसलं मला.

"अकरातला कुठला घेतला?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बारावा," रेकॉर्डिस्ट म्हणाला. मेहुण्याने त्याला कोपर मारलं.

मी हसलो. हसावं लागतं अशा वेळी. मग मेहुणा म्हणाला, "ऐका ना भाऊजी एकदा, बसा." मी म्हटलं, नको. मी मिक्स ऐकत नाही हे यांना माहीत आहे. स्वतःचं वाजवणं ऐकलं की मला चार दिवस अन्न गोड लागत नाही. पहिल्या अल्बमचंही मी ऐकलं नव्हतं, लोकांनी ऐकलं आणि मग परीक्षण आलं तेव्हा वाचलं. त्यातलं एक वाक्य पाच वर्षं झाली तरी पाठ आहे — ‘ड्रम्स घड्याळासारखे आहेत, आणि घड्याळाइतकेच रंजक.’

लिहिणाऱ्याला विसरही पडला असेल.

१५ मार्च, शनिवार

उद्या अल्बम येणार.

इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. ‘तिसरा मजला’ हा बँड मेहुण्याचा आहे. गाणी त्याची, गिटार त्याची, आवाज त्याचा. मौनी गप्प असला तरी बोटांत देवाने भरभरून दिलंय. आणि मी? बारा वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीशी माझं लग्न झालं आणि माझ्याकडे ड्रम्सचा सेट होता. एवढी माझी लायकी. सेट आमच्या प्रॅक्टिसच्या, छापखान्यावरच्या खोलीत तीन मजले मीच चढवला, कारण लिफ्ट तेव्हाही बंद होती. अल्बमचं नावसुद्धा त्यावरूनच — ‘लिफ्ट बंद आहे’. नाव मी सुचवलं. माझं योगदान!

या वेळीही कुणी घड्याळ म्हटलं तर मी स्वतःहून बाजूला होणार. मेहुणा कधीच म्हणणार नाही, नात्यामुळे त्याच्या तोंडाला कुलूप आहे. म्हणून मलाच समजून घ्यायला हवं. पण मला सोडायचं नाही. हेही लिहून ठेवतो. त्या खोलीत रविवारी सकाळी तिघं बसतो ना, खाली छापखान्याची यंत्रं थंड असतात, मौनी तारा जुळवत असतो — तेवढं सोडलं तर आठवड्यात माझं असं काय आहे?

१६ मार्च, रविवार

आला. दिवसभरात एक्केचाळीस वेळा ऐकला गेला. त्यातल्या नऊ वेळा हिनेच. कपडे वाळत घालताना, भांडी घासताना, सगळीकडे तेच. मी प्रत्येक वेळी दुसऱ्या खोलीत गेलो, मग बाल्कनीत, मग खाली.

"तू गाढव आहेस," ही म्हणाली. प्रेमाने म्हणाली, पण म्हणाली.

१९ मार्च, बुधवार

काही नाही. कुणी शिवीसुद्धा देत नाही. मेहुणा दर तासाला आकडा पाठवतो, जणू तापाचा चार्ट.

२२ मार्च, शनिवार

परीक्षण आलं. मोठं आहे. हिने सकाळी पलंगावर बसून मोठ्याने वाचलं. मी आंघोळीला जायच्या तयारीत, टॉवेल खांद्यावर, तसाच उभा.

मेहुण्याच्या शब्दांबद्दल चांगलं. मौनीबद्दल चांगलं. तिसऱ्या गाण्याला लांबलचक म्हटलंय, खरंच आहे ते. मग हिचा आवाज बदलला. "ऐक ऐक. ‘अल्बमचा कळस म्हणजे दाराबाहेर. ड्रम्स इथे घाईत नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माणसासारखे निवांत आहेत. आणि शेवटच्या कडव्याआधी ड्रमर चक्क थांबतो. सगळं गाणं श्वास रोखतं. आता काय होणार म्हणून आपण पुढे सरकतो, आणि मग पडणारी ती एक थाप! या वर्षात यापेक्षा धाडसी काही मी ऐकलेलं नाही.’"

हिने मिठी मारली. टॉवेल पडला.

मी विचार करत होतो — थांबतो? मी? मी कुठे थांबलो?

संध्याकाळी

ऐकलं. खोलीत दार लावून, इअरफोन घालून.

हे माझं वाजवणं नाही.

पुन्हा ऐकलं. सहा वेळा ऐकलं. सुरुवातीला ‘एक, दोन, तीन, चार’ हा आवाज माझा आहे, त्यात शंका नाही. पण त्यानंतरचं? मेट्रोनोम यात नाहीच आहे — ते मला दोन सेकंदांत कळतं, माझा धंदाच तो आहे. मी मेट्रोनोमशिवाय रेकॉर्डिंग करत नाही. एकदाही केलेलं नाही. दुसऱ्या कडव्यात स्नेअर ड्रमवर बोटभर उशिरा येतो हा माणूस, आणि ते इतकं बरोबर वाटतं की काय सांगू. आणि ती शांतता! मला रिकामी जागा दिसली की मी भरतो. घाबरतो म्हणून भरतो. या माणसाला कशाची भीतीच नाही.

माझा आवाज दुसरीकडून उचलून चिकटवला. त्यामागे वाजवणारा दुसराच.

"बारावा," म्हणाला होता रेकॉर्डिस्ट. आणि हसला होता.

२३ मार्च, रविवार

प्रॅक्टिसला गेलो. मेहुण्याने जिन्यातच मिठी मारली. "भाऊजी! धाडसी म्हणे! वाचलंत ना?" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. किती छान नाटक करतो.

मी म्हटलं, "सातव्यात नक्की काय केलंत तुम्ही?"

तो आणि मौनी एकमेकांकडे बघायला लागले. मग मेहुणा म्हणाला, "ते तेवढं विचारू नका ना. गुपित आहे रेकॉर्डिस्टचं." आणि विषय बदलला.

मी पुढे विचारलं नाही. का नाही विचारलं? सरळ तोंडावर विचारायचं — ड्रम्स कुणाचे? चार शब्दही नाहीत. त्याऐवजी स्टुलाचा स्क्रू आवळत बसलो. कारण विचारलं की उत्तर मिळणार.

२५ मार्च, मंगळवार

एक नवीन गोष्ट लक्षात आली आणि तेव्हापासून काही सुचत नाही. त्या शांततेत गिटारची एक तार घुमत राहते, बेसही थांबतो, आणि थापेबरोबर तिघंही एकदम आत येतात. असं चिकटवून होत नाही. असं एका खोलीत एकत्र बसून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत वाजवलं तरच होतं.

म्हणजे ते दोघं त्याच्याबरोबर बसले. मला वगळून. पुन्हा सगळं वाजवलं.

ड्रम्स बदलले यापेक्षा हे जास्त लागलं.

२७ मार्च, गुरुवार

आता तर हीसुद्धा!

नळवाल्याचा नंबर हवा होता म्हणून हिने फोन माझ्या हातात दिला. वर मेहुण्याचा निरोप होता, तीन आठवड्यांपूर्वीचा, मी मुद्दाम शोधला नाही, बोट लागलं आणि सरकलं — ‘ताई, भाऊजींना सातव्याचं सांगू नकोस हं. मनाला लावून घेतील. मग पुढच्या वेळी बसायचेच नाहीत.’ आणि हिचं उत्तर — ‘नाही सांगत. पण कधीतरी कळेलच त्याला.’

नळवाल्याचा नंबर मी चुकीचा लिहून दिला. दुसऱ्याच कुणाला तरी फोन लागला.

१ एप्रिल, मंगळवार

साडेतीन हजार लोकांनी ऐकलं. त्यातल्या दोन हजारांहून जास्त जणांनी फक्त सातवं. वर्कशॉपमध्ये कळलं, साहेबांच्या मुलीनेही ऐकलं म्हणे, तिच्या कॉलेजात सगळे ती थाप टेबलावर मारतात. साहेबांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. "आम्हाला वाटायचं काटे सोडून तुम्हाला काही येत नाही!"

मी "थँक यू, सर" म्हटलं. दुसऱ्याच्या थापेबद्दल. थाप! शब्दही कसा नेमका मिळालाय. लोकांना वाटतं ड्रमची, आणि मी रोज सगळ्यांना मारत हिंडतोय.

४ एप्रिल, शुक्रवार

कोण असेल?

मला वाटतं लंब्या, तोही ड्रमरच. त्याचा बँड आमच्यानंतरच्या आठवड्यात त्याच स्टुडिओत होता. ढिला माणूस, कधीही आला तरी आत्ताच झोपून उठल्यासारखा. असं निवांत दुसरं कोण वाजवणार?

५ एप्रिल, शनिवार

स्टिक्स आणायला वाद्यांच्या दुकानात गेलो, तर समोर कोण? लंब्या. लांबूनच हात पसरून आला. "अरे, सातव्यात जो थांबलायस तू! बाप रे. मी नसतो थांबू शकलो."

तोंडावर! दुकानदारासमोर! मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. पापणीही लवली नाही. माणूस इतका कोडगा असू शकतो यावर माझा विश्वास नव्हता, आज बसला.

"कसं सुचलं रे?" वर हेही विचारलं.

मी म्हटलं, "सुचतं कधीकधी." स्टिक्स तिथेच विसरून आलो.

८ एप्रिल, मंगळवार

एकोणीसला कार्यक्रम आहे. अल्बम पूर्ण वाजवायचा. म्हणजे सातवंही वाजवायचं.

म्हणून रोज ऑफिस सुटल्यावर तिसऱ्या मजल्यावर जातोय. गाणं लावतो, दोन मात्रा ऐकतो, थांबवतो, वाजवतो. स्वतःच्याच अल्बमची शिकवणी लावून घेतली आहे मी! मांडीवर कागद, कागदावर खुणा. छापखान्यातला फोरमन वर येऊन म्हणाला, "तुमचंच गाणं ना हे? मग परत परत काय ऐकता?" त्याला काय सांगू?

शांतता मोजली. संगणकावर रेघ ताणून मोजली. चार मात्रा असत्या तर समजलो असतो. पाच असत्या तरी. ही चार आणि वर पाऊण. पाऊण! कुठल्या हिशेबात बसत नाही. आणि तरीही थाप पडते तेव्हा वाटतं, हीच वेळ होती, दुसरी कुठली नव्हतीच. मी सेकंदकाटा लावून पाहिला, मनात आकडे म्हणून पाहिलं, श्वास धरून पाहिलं. दर वेळी आधीच हात पडतो. भीती वाटते. चार मात्रांनंतर असं वाटतं की आपण खोलीत एकटे आहोत आणि सगळे निघून गेलेत.

ज्याने कुणी वाजवलं त्याला मनातल्या मनात नमस्कार केला आज. राग आहेच. पण नमस्कारही केला.

१२ एप्रिल, शनिवार

तीनशे वेळा तरी झालं असेल. येत नाही.

१३ एप्रिल, रविवार

तिघांची प्रॅक्टिस. सातवं घ्यायचं म्हटलं तेव्हा मी मनगट दुखतंय म्हणालो. मेहुणा लगेच म्हणाला, "नकोच. ते आयत्या वेळीच चांगलं होतं तुमचं." आणि मौनी हसला. मौनी!

टोमणे मारायला लागलेत आता.

१९ एप्रिल, शनिवार

लिहायला हात वळत नाही, पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

हॉल भरला होता. दीडशे तरी माणसं. पहिली सहा ठीक. सातव्याची गिटार सुरू झाली आणि माणसं ओरडली. नंतर माझ्या लक्षात आलं की शेवटच्या कडव्याआधी पुढच्या रांगेतल्या पोरींनी हात वर उचलून धरलेत. माझ्याबरोबर थाप मारायला. सगळा हॉल हात उचलून थांबलेला.

मेहुणा थांबला. मौनी थांबला. मी थांबलोच नाही. एक मात्रासुद्धा नाही. हात आपोआप वाजवत सुटले, धडधडधड, सगळी रिकामी जागा भरून टाकली. वर उचललेले हात तसेच राहिले. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, वाईट मनाने नाही, पण हसले. मेहुण्याने दोन ओळी सोडल्या आणि कुठून तरी धावत आत आला.

मागच्या खोलीत मी पंख्याखाली बसलो. मेहुण्याने पाण्याची बाटली पुढे केली. "जाऊ द्या, भाऊजी. होतं असं."

मग मी म्हणालोच. "सातव्याचं सगळं कळलंय मला."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "कुणी सांगितलं? ताईने?"

म्हणजे खरं होतं! इतके दिवस कुठेतरी एक आशा होती, ती गेली.

"सांगायला कशाला हवं? कान आहेत मला."

"चुकलं आमचं," तो म्हणाला. हात जोडले त्याने. "तुम्हाला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता."

"अर्थात नाही म्हणालो असतो!"

"म्हणूनच ना. पण भाऊजी, असा टेक परत झाला नसता. तुमच्या त्या अकरा टेकांत काहीच नव्हतं, तुम्हालाही माहीत आहे."

हे तो तोंडावर म्हणाला. काहीच नव्हतं.

आणि मौनी, जो कधी बोलत नाही तो मौनी, भिंतीला टेकून म्हणाला, "अल्बममध्ये सगळ्यात चांगलं तेच आहे, काटा. राग नको धरू." एवढे शब्द! बारा वर्षं साठवून माझ्यावरच खर्च केले.

मी उठलो. "मग ज्याने वाजवलंय त्यालाच घेऊन फिरा. मी सुटलो."

"म्हणजे?" मेहुणा म्हणाला. अगदी निरागस तोंड करून. म्हणजे, म्हणे!

चालत घरी आलो. स्टिक्स हातात होत्या, कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

२० एप्रिल, रविवार

दोघांना एकच निरोप पाठवला. ‘मी बँड सोडतोय. पुन्हा विचारू नका.’ फोन बंद करून कपाटात ठेवला.

मेहुणा घरी येऊन गेला. मी मागच्या दाराने बाहेर पडलो. बेचाळीस वर्षांचा माणूस आणि स्वतःच्या घरातून पळतोय.

२१ एप्रिल, सोमवार

हिच्याशी भांडण. गेल्या काही वर्षांत असं झालं नव्हतं.

"एका टेकवरून बारा वर्षांचं तोडतोस?"

"तुलाही माहीत होतं," मी म्हटलं. "तू इथे माझ्यासमोर बसून मोठ्याने वाचलंस ते. धाडसी, धाडसी. मला मिठी मारलीस."

"मग काय करायला हवं होतं मी? अरे, इतकं काय आहे त्यात, तुझंच—"

तुझंच भलं, असं काहीतरी म्हणणार असेल. मी पुढे बोलूच दिलं नाही. भावाची बाजू घेऊ नकोस म्हणालो, आणखीही बरंच म्हणालो, ते इथे लिहीत नाही. ही ताटं उचलून आत गेली. त्यानंतर घरात फक्त कामापुरतं. ‘गॅस संपलाय.’ ‘किल्ली ठेवली आहे.’

२६ एप्रिल, शनिवार

सेट उतरवून आणला. तीन मजले, सात फेऱ्या, लिफ्ट बंद. फोरमन पायाचा ड्रम धरू लागला. काही विचारलं नाही त्याने, त्याबद्दल त्याचे उपकार.

खोलीत गालिच्यावर जिथे सेट असायचा तिथे चार गोल खुणा आहेत. मौनीची खुर्ची त्या खुणांकडे तोंड करून ठेवलेली होती. बारा वर्षं तिकडेच असते.

सगळं घरच्या माळ्यावर चढवलं. रडलो थोडा. शिडीवर उभा होतो, कुणाला दिसलं नाही.

३० एप्रिल, बुधवार

हिने भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता सांगितलं, "दहा तारखेचा कार्यक्रम रद्द करता येत नव्हता. लंब्या वाजवणार आहे."

लंब्या!

बरोबर ओळखलं होतं मी. बरोबर ओळखण्याचं समाधान वगैरे काही असतं म्हणतात, मला तरी नाही वाटलं.

३ मे, शनिवार

किराणा दुकानात काटा तपासायला गेलो होतो. मोठा काटा, पोत्यांचा. मी वाकून, चष्मा सावरत वजनं ठेवतोय आणि फळीवरच्या रेडिओवर सातवं लागलं. आता रेडिओवरही!

उठून जाता येईना, वजन चिमट्यात होतं. दुकानदार पुडी बांधत होता, एक बाई पिशवी उघडून उभी होती. शांतता आली. दुकानदाराचे हात थांबले, दोरा बोटाला गुंडाळलेला. बाईने मान वर केली. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं, नुसते थांबले होते, आणि मीही. मग ती थाप. बाई एकटीच हसली, कसलंतरी ओझं उतरल्यासारखी. दुकानदाराने दोरा तोडला.

मला हेच हवं होतं. आयुष्यात एकदा, कुठल्यातरी अनोळखी दुकानात, कुणीतरी माझ्या वाजवण्याने असं थांबावं. दुसरं काही नको होतं. आणि ते झालं माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या बँडच्या गाण्यात, आणि माझं नाही.

काटा वीस ग्रॅम कमी दाखवत होता. दुरुस्त केला. शिक्का मारला.

६ मे, मंगळवार

आज ही जेवताना म्हणाली, "तुला चांगलं म्हटलेलं ऐकूच येत नाही. नेहमीच असं होतं का रे तुझं?" भांडणाच्या आवाजात नाही. थकून. मी भात कालवत राहिलो.

८ मे, गुरुवार

दुपारी लंब्या वर्कशॉपमध्ये आला. चार दिवस झाले, सातवं बसत नाही म्हणाला. रेकॉर्डिस्टने त्याला शिकायला नुसत्या ड्रम्सचा ट्रॅक दिलाय. "तूच दाखव बाबा आता."

"मी काय दाखवू? वाजवलंस तू," मी म्हटलं.

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग इअरफोन काढून माझ्या कानात घातले.

माझा आवाज — एक, दोन, तीन, चार. मग ते सगळं. मग ती शांतता, आणि तिच्यात अगदी हळू, पण स्पष्ट, पुन्हा मीच: "हा चष्मा एकसारखा घसरतो..." आणि थाप.

गाणं संपलं. सिम्बलचा नाद विरत गेला. मग खुर्ची करकरली आणि मी म्हणालो, "झाली ना प्रॅक्टिस? चला, आता रेकॉर्डिंग लावा."